पंखांचा गौरव, चाकांची उपेक्षा

२०२३ च्या फेब्रुवारीत एअर इंडियाने ४७० विमानांची खरेदी जाहीर केली. जूनमध्ये इंडिगोने एकट्या एअरबस कंपनीकडे ५०० विमानांची मागणी नोंदवून तोही आकडा मागे टाकला. दूरचित्रवाहिन्यांवर दिवसभर आकड्यांचा पाऊस पडला, अग्रलेख लिहिले गेले, भारताच्या आकाशझेपेचे पोवाडे गायले गेले. त्यात वावगे काही नाही. मात्र या गदारोळात एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला. ही विमाने पुढे जी मुले-मुली चालवणार आहेत, ती आपले पहिले उड्डाण कशावर करणार?

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्या देशात २०० तासांच्या उड्डाणाचा अनुभव लागतो. तो एअरबसवर मिळत नाही. तो मिळतो एका इंजिनाच्या, दोन किंवा चार आसनांच्या लहान विमानांवर. देशभरातील फ्लाइंग क्लबांच्या हँगरमध्ये सेसना १५२ आणि सेसना १७२ ही नावे आजही घरच्या माणसांसारखी घेतली जातात. यांपैकी १५२ चे उत्पादन अमेरिकी कंपनीने १९८५ मध्ये कायमचे थांबवले. १७२ चे उत्पादन १९८६ मध्ये थांबले आणि दहा वर्षांनी पुन्हा सुरू झाले. म्हणजे आज उडणारे १५२ तरुणातले तरुण धरले, तरी चाळिशी ओलांडलेले आहे. एकोणीस वर्षांची विद्यार्थिनी ज्या विमानात प्रथमच एकटी आकाशात जाते, ते तिच्या वडिलांच्या शाळकरी वयात तयार झालेले असते.

हे ऐकताच "भंगारात काढा ही विमाने!" अशी आरोळी ठोकणारे उतावीळ विद्वान पुढे सरसावतात. त्यांना विमानशास्त्राचा गंधही नसतो. विमानाचे वय माणसाच्या वयासारखे मोजले जात नाही. ठरलेल्या तासांनंतर इंजिन पूर्ण उघडून पुन्हा बांधले जाते, झिजलेला भाग काढून नवा बसतो, प्रत्येक बदलाची नोंद लॉगबुकात होते. खुद्द अमेरिकेत ४०-५० वर्षांची लहान विमाने हजारोंच्या संख्येने उडत आहेत. विमान जुने असणे हा दोष मुळीच नाही. त्याचा झिजलेला भाग वेळेवर आणि योग्य दर्जाचा न मिळणे, हा मात्र दोष आहे. या दोषाकडे आपल्या धोरणकर्त्यांनी, क्लबचालकांनी आणि स्वदेशीचा उच्चार करणाऱ्या सर्वांनीच आजवर पाठ फिरवली आहे. त्याची सर्वाधिक किंमत मोजतो तो विमानाचा सर्वांत अबोल अवयव, म्हणजे लँडिंग गिअर; चाके आणि त्यांना पेलणारे पाय.

आघात कुणावर पडतो?

प्रवासी विमान एका उड्डाणात एकदा उतरते, तेही अनुभवी हातांनी. प्रशिक्षणाचे विमान धावपट्टीभोवती घिरट्या घालत तासाभरात सात-आठ वेळा जमिनीला टेकते आणि दरवेळी ते टेकवणारा हात शिकाऊ असतो. कुणी उंचावरून आपटवतो, कुणी आडव्या वाऱ्यात तिरके उतरवतो, कुणी घाबरून ब्रेक करकचून दाबतो. शिकणाऱ्याचा यात काही अपराध नाही. त्यासाठीच तर तो तेथे आलेला असतो. पण विमानाच्या आयुष्याचा हिशेब केवळ तासांत मांडणाऱ्यांनी हे ध्यानात घेतले पाहिजे, की हजार तास उडालेले खासगी विमान आणि हजार तास उडालेले प्रशिक्षणाचे विमान यांच्या पायांची अवस्था एक असूच शकत नाही.

जुन्या सेसनांचा मागचा पाय म्हणजे पोलादाचा एक लवचिक पाटा. विस्कॉन्सिनचा शर्यतपटू वैमानिक स्टीव्ह विटमन याची ही कल्पना. कंपनीने तिचे हक्क घेतले आणि १९४६ च्या सेसना १४० पासून ती वापरात आणली. ट्रकच्या कमानपाट्याची ही सख्खी बहीण. त्यात ना तेल, ना वायू, ना सांधा. आघात आला की पाटा वाकतो आणि पूर्ववत होतो. इतकी साधी रचना बिघडणार कशी, असे कुणालाही वाटेल. येथेच अज्ञान घात करते. या पाट्याच्या खालच्या पृष्ठभागावर कारखान्यात बारीक पोलादी छऱ्यांचा मारा केलेला असतो. त्याला शॉट पीनिंग म्हणतात. त्यामुळे पृष्ठभागाचा एक पातळ थर आतल्या आत दाबला जातो आणि तडा पडू देत नाही. या थराची जाडी अर्धा मिलिमीटरही नसते. त्यावरचा रंग उडाला, गंज चढला, गंजाने खड्डा पाडला, की हे कवच फुटले. मग प्रत्येक उतरणीबरोबर खड्ड्याच्या तळाशी तडा केसाएवढा पुढे सरकतो. तेव्हा पायावरचा उडालेला रंग हा शोभेचा प्रश्न राहत नाही. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत तर तो तातडीचा प्रश्न असतो. पण किती क्लबांत चाकाजवळचा रंग खरवडला गेल्याची दखल त्याच आठवड्यात घेतली जाते?

पुढच्या चाकाची गोष्ट वेगळी. तेथे ओलिओ स्ट्रट असतो. नळीत तेल, त्यावर दाबाखालचा वायू. धक्का बसला की दांडा आत सरकतो, तेल बारीक छिद्रातून ढकलले जाते आणि आघाताची ऊर्जा उष्णतेत विरून जाते. पायपर चेरोकी जातीच्या विमानांत तिन्ही पाय असेच असतात. विमान उभे असताना मागच्या पायांचा दांडा साडेचार इंच आणि पुढच्याचा सव्वातीन इंच दिसला पाहिजे, हे विद्यार्थ्याला उड्डाणपूर्व तपासणीतच शिकवले जाते. दांडा बसलेला दिसला तर तेल किंवा वायू गळतो आहे, आणि तो गळतो बहुधा एका रबरी कड्यातून. या ओ-रिंगची किंमत विमानाच्या किमतीपुढे नगण्य. मात्र ती बदलण्याऐवजी दर सकाळी नुसता वायू भरून वेळ मारून नेण्याची सवय अनेकांच्या अंगवळणी पडलेली असते. तेल कमी आणि वायू जास्त असलेला स्ट्रट उभ्या विमानात अगदी योग्य उंचीचा दिसतो. उतरताना तो धक्का गिळत नाही, सरळ इंजिनाच्या मागच्या पत्र्याच्या भिंतीकडे पोचवतो. मग भिंतीला सुरकुती पडते, आणि काही रुपयांच्या कड्याचे काम काही लाखांच्या दुरुस्तीवर जाते.

असाच दुसरा आजार म्हणजे पुढचे चाक थरथरणे. त्याला शिमी म्हणतात. विमान वेगात धावताना चाक डावी-उजवीकडे फडफडू लागते, सारे विमान हादरते, पेडलवरचे पाय झिणझिणतात. हे थोपवण्यासाठी एक लहानसा डँपर बसवलेला असतो. थरथर सुरू झाली, की डँपर बदला, हा सोपा उपाय. पण बहुतेक वेळा मूळ दोष असतो टॉर्क लिंकमध्ये. कात्रीसारख्या दिसणाऱ्या या दोन भुजा चाकाला सरळ ठेवतात आणि त्यांच्या सांध्यांत बुश व बोल्ट असतात. बुश झिजले, सांधा ढिला झाला, की कितीही डँपर बदला, थरथर परत येणारच. जुना टायर, चाकाचा बिघडलेला तोल, ढिले बेअरिंग यांचीही त्यात भर पडते. आजार एका ठिकाणी आणि औषध दुसऱ्या ठिकाणी, ही आपल्या कारभाराची जुनीच तऱ्हा येथेही दिसते.

या साऱ्याला किरकोळ म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण. ४ एप्रिल २०१८ रोजी अमेरिकेत फ्लोरिडातील डेटोना बीच येथे एका नामवंत वैमानिकी विद्यापीठाचे पायपर ॲरो जातीचे विमान धावपट्टीला टेकून पुन्हा उठत असताना त्याचा डावा पंख तुटला. शिकाऊ वैमानिक आणि परीक्षक दोघेही मृत्युमुखी पडले. ते विमान म्हातारे नव्हते, २००७ मध्ये बनलेले होते. ते सुमारे ७,७०० तास उडाले होते. पण उतरले होते ३३ हजारांहून अधिक वेळा! तपासात पंखाच्या मुख्य तुळईत थकव्याचा तडा सापडला, आणि त्याचे कारण ठरले ते कमी उंचीवरच्या प्रशिक्षणात पुन्हा पुन्हा येणारा भार. तुटला तो पंख, पाय नव्हे, हे खरे. पण शिकाऊ हाताखालच्या धातूचे काय होते, याचा याहून स्पष्ट दाखला दुसरा नाही.

दोन पळवाटा

झिजलेला भाग समोर आला, की आपल्याकडे दोन वाटा धरल्या जातात. दोन्ही वाटा घातक आहेत.

पहिली वाट परदेशाकडे जाते. बुश असो वा बोल्ट, मूळ कंपनीचा किंवा तिच्या मान्यताप्राप्त पुरवठादाराचा प्रमाणपत्र असलेला भाग मागवायचा आणि वाट पाहायची. उत्पादन थांबलेल्या विमानाचा भाग गोदामात असेलच असे नाही. नसेल, तर पुरेशा मागण्या जमेपर्यंत तो बनतही नाही. तोवर विमान हँगरमध्ये उभे. मग शेजारच्या उभ्या विमानाचा पाय काढून याला लावायचा, त्याचे चाक त्याला. एक विमान उडवण्यासाठी दुसरे विमान हळूहळू ओरबाडले जाते. विद्यार्थी मात्र फी भरून बसलेला असतो. घर किंवा शेत गहाण ठेवून मुलीला वैमानिक करायला निघालेल्या मध्यमवर्गीय बापाला कुणी सांगत नाही, की तिचे दोनशे तास रखडले आहेत ते सातासमुद्रापलीकडून येणाऱ्या, करंगळीएवढ्या धातूच्या नळीसाठी. व्याजाचे मीटर थांबत नाही. शेवटी घाईने तास भरून काढण्याची वेळ येते आणि घाई हा विमानविद्येचा सर्वांत जुना शत्रू आहे.

दुसरी वाट बाजारपेठेत जाते. तिला आपण कौतुकाने जुगाड म्हणतो. गेल्या काही वर्षांत व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांनी या शब्दाला भलतीच प्रतिष्ठा मिळवून दिली आहे. पंपाच्या पाइपला तार गुंडाळणे ठीक आहे. विमानाच्या पायात मात्र जुगाड म्हणजे निव्वळ खुनाची तयारी होय! बाजारातला बोल्ट विमानाच्या बोल्टसारखाच दिसतो, कधी तर अधिक चकचकीत. पण विमानाच्या बोल्टच्या डोक्यावर त्याच्या प्रतीची खूण असते; त्याचे आटे नुसते कापलेले नसतात, दाबून वळवलेले असतात; आट्यांखालचा गुळगुळीत दांडा नेमका जोडणीच्या जाडीएवढा असतो, म्हणजे भार आट्यांवर येत नाही. आणि त्या चकाकीचे काय? उच्च ताकदीच्या पोलादावर विद्युतविलेपन करताना धातूत हायड्रोजन शिरतो आणि पोलाद आतून काचेसारखे ठिसूळ होते. ते टाळण्यासाठी विलेपन झाल्यावर काही तासांच्या आत तो भाग १९० अंशांच्या आसपास दीर्घकाळ भट्टीत भाजावा लागतो. सायकलची हँडले चमकवणाऱ्या दुकानात ही भट्टी असते काय? तेथून चमकून आलेला बोल्ट कोणत्याही पूर्वसूचनेशिवाय, उभ्या विमानातही तुटू शकतो. डोळ्यांना तो शेवटच्या क्षणापर्यंत निर्दोष दिसतो.

८ सप्टेंबर १९८९ रोजी पार्टनेअर या नॉर्वेच्या कंपनीचे कॉन्व्हेअर विमान समुद्रात कोसळले आणि ५५ जण दगावले. शेपटीचा उभा पंख जोडणाऱ्या बोल्टांमध्ये निकृष्ट, बनावट माल आढळला. अमेरिकेने १९९० मध्ये केवळ बोल्ट, नट, स्क्रू यांच्या दर्जासाठी स्वतंत्र कायदा केला. एखादे राष्ट्र बोल्टसाठी कायदा करते, हे आपल्याकडच्या फायलीत बुडालेल्या मंडळींना विनोदी वाटेल. ते राष्ट्र महासत्ता का आहे, याच्या उत्तराचा एक तुकडा त्या कायद्यात आहे.

तिसरी वाट आहे, पण तिच्यावरून जायचे कुणी?

ज्या अमेरिकेच्या मालावर आपण विसंबून आहोत, तिने स्वतः काय केले आहे, हे पाहणे उद्बोधक आहे. तेथील विमान-नियमांच्या २१ व्या भागात एक तरतूद आहे. विमानाचा मालक स्वतःच्या विमानाच्या देखभालीसाठी भाग स्वतः तयार करवून घेऊ शकतो. याचा अर्थ मालकाने लेथवर उभे राहावे, असा नाही. आराखडा व माहिती पुरवणे, कच्चा माल पुरवणे, निर्मितीची पद्धत ठरवून देणे, गुणवत्तेची तपासणी ठरवून देणे, किंवा काम स्वतःच्या देखरेखीखाली करवून घेणे, यांपैकी एका प्रकारे तरी त्याचा खरा सहभाग हवा, असे तेथील विमानखात्याने १९९३ मध्ये स्पष्ट केले. भाग मूळ आराखड्याबरहुकूम असला पाहिजे, त्याच्या नोंदी हव्यात, बसवणाऱ्या तंत्रज्ञाने तो उड्डाणयोग्य असल्याची खात्री केली पाहिजे, आणि तो भाग दुसऱ्याला विकण्याचा धंदा करता येणार नाही. विक्रीसाठी वेगळा परवाना आहे आणि तो घेऊन अनेक लहान कारखाने सेसना-पायपरचे पर्यायी भाग बनवतात. युरोपनेही २,००० किलोपर्यंतच्या लहान विमानांसाठी वाट मोकळी केली: मुख्य सांगाडा, उड्डाण-नियंत्रणे आणि आयुष्यमर्यादा असलेले भाग वगळता, ठरलेल्या आराखड्याप्रमाणे बनलेला भाग मालक लेखी जबाबदारीवर स्वीकारू शकतो. सेसना १५२ चे कमाल वजन ७५७ किलो आहे. म्हणजे ते या मर्यादेत सहज बसते.

आपल्याकडचे उत्तर ठरलेले: "मूळ कंपनीची परवानगी नाही, अमेरिकेची मान्यता नाही, आम्ही काय करणार?" हे उत्तर चुकीचे आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक कराराचे आठवे परिशिष्ट विमान सतत उड्डाणयोग्य ठेवण्याची जबाबदारी ते ज्या देशात नोंदले आहे, त्या देशावर टाकते. ज्या विमानाच्या अंगावर 'व्हीटी' अक्षरे आहेत, त्याच्या पायात कोणता बुश चालेल हे ठरवण्याचा अधिकार आणि कर्तव्य दोन्ही भारताचे आहे. (या 'व्हीटी' अक्षरांवर आपल्याकडे अधूनमधून मोठे रणकंदन होते. ती व्हाइसरॉयच्या काळातली गुलामीची खूण असल्याचे सांगत लेख लिहिले जातात, संसदेतही विषय निघाला. अक्षरे बदलली तर आनंदच आहे. पण त्या अक्षरांखालचा बोल्ट कुठला, हे विचारणारा एकही लेख निघू नये, हे राष्ट्रभक्तीचे लक्षण म्हणायचे की सोयीचे?)

आपल्या नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाचे या विषयावरचे नियम, सीएआर-२१, युरोपीय नियमांच्याच धर्तीवर घडवलेले आहेत. आराखड्याला मान्यता, निर्मितीला मान्यता, भागाला प्रमाणपत्र, हे सारे त्यात आहे. परंतु हा अंगरखा मोठ्या कारखान्याच्या मापाने बेतलेला आहे. वर्षाला शे-दोनशे बुश आणि पन्नास पिना बनवू पाहणाऱ्या लहान उद्योजकाने तो अंगात घातला, तर तो त्यातच हरवून जातो. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ चा जुना ब्रिटिशकालीन कायदा जाऊन भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला. विमानाच्या आराखड्यापासून देखभालीपर्यंत सर्व बाबी त्याच्या कक्षेत आहेत. कायद्याचे नाव स्वदेशी झाले. आता त्याच्या पोटातले नियमही या देशाच्या गरजेचे हवेत.

जुलै २०२४ मध्ये सरकारने विमानांच्या सुट्या भागांवरील एकात्मिक वस्तू व सेवा कर सरसकट ५ टक्के केला. त्यापूर्वी एकाच विमानाच्या वेगवेगळ्या भागांवर ५ पासून २८ टक्क्यांपर्यंत वेगवेगळे दर होते आणि कोणता भाग कोणत्या रकान्यात, यावरून वाद झडत. हा निर्णय स्वागतार्हच. पण त्याने आयात स्वस्त झाली. अवलंबित्व तसेच राहिले.

विस्मरण झाले कशाचे?

हे सारे भारताला झेपणारे नाही, असे म्हणणाऱ्यांनी इतिहासाची चार पाने चाळावीत. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले, जर्मनीत गटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात एचटी-२ हे प्रशिक्षण विमान घडवले. १९५१ मध्ये ते आकाशात झेपावले. देशाचा पहिला अर्थसंकल्प मांडून चार वर्षे झाली नव्हती, तेव्हा भारतीय आराखड्याचे, भारतीय हातांनी बनवलेले विमान उडाले आणि नंतर ते भारतीय वैमानिक घडवू लागले. पुढे घानाच्या हवाई दलालाही ते देण्यात आले. पाठोपाठ १९५८ मध्ये दोन आसनांचे पुष्पक आले, तेही खास फ्लाइंग क्लबांसाठी. दीडशेच्या आसपास पुष्पक बनले आणि एका पिढीने त्यावर उडायला शिकून घेतले. त्यांचे पाय, चाके, जोडण्या कुठून येत, हा प्रश्नच नव्हता. आराखडा बंगळूरला होता.

मग हा धागा तुटला कसा? परकीय बनावटीचे विमान आले म्हणून तो तुटला, असे म्हणणे सोपे आहे. खरे कारण असे, की नवे विमान घडवण्यात आपल्याला जेवढा रस होता, तेवढा जुन्याची निगा राखण्यात कधीच नव्हता. उद्घाटन विमानाचे होते. बुशचे उद्घाटन करायला मंत्री येत नाही. राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने हंसा हे उत्तम लहान विमान घडवले, १९९३ मध्ये ते उडाले, २००० मध्ये त्याला प्रमाणपत्र मिळाले, काही क्लबांना ते मिळालेही. पण ते शेकड्यांनी बनलेच नाही. त्याची नवी आवृत्ती सप्टेंबर २०२१ मध्ये उडाली आहे. ती यशस्वी होवो. मात्र उद्या हंसा देशभर उडू लागले, तरी चाळीस वर्षांनी तेही जुने होणारच आहे. ज्या देशाला दुसऱ्याच्या जुन्या विमानाचा बुश करता येत नाही, तो स्वतःच्या जुन्या विमानाची निगा कोणत्या सवयीने राखणार?

एक आक्षेप मात्र गांभीर्याने घेतला पाहिजे. संख्या इतकी थोडी आहे, की या भागांचे उत्पादन परवडणार नाही, असे हिशेबी माणसे म्हणतात. अख्खा पाय, चाकाचा ओतीव सांगाडा, ब्रेक यांच्याबाबत ते खरे आहे. ते मागवावेत. पण बुश, पिना, अंतरकडी, टॉर्क लिंकचे बोल्ट, शिमी डँपरचे आतले भाग, रबरी सील हे थोड्या संख्येत बनवण्याजोगे आहेत. शिवाय हेच सेसना साऱ्या जगात उडते आहे. १७२ ची तर ४४ हजारांहून अधिक विमाने बनली. प्रमाणित भारतीय बुशला गिऱ्हाईक केवळ भारतातच सापडेल, असे कुणी ठरवले?

कौशल्याचा प्रश्नही नाही. मोटारींचे सुटे भाग मायक्रॉनच्या हिशेबात बनवणारे शेकडो कारखाने पुणे-चाकणच्या पट्ट्यात आहेत. पुण्याच्या भारत फोर्जने बोइंग ७३७ साठी टायटॅनियमचे घडीव भाग पुरवून दाखवले. पोलादातला अदृश्य तडा चुंबकीय कणांनी शोधणे, ॲल्युमिनियममधला तडा रंगद्रव्याने शोधणे, धातूच्या कठिणतेची चाचणी, भट्टीच्या तापमानाचा आलेख, हे सारे तेथे रोजचे काम आहे. उणीव आहे ती एका साखळीची. आराखडा कुणी मोजून काढायचा, धातूची परीक्षा कुणी करायची, पहिल्या नमुन्यावर सही कुणाची, आणि तो भाग विमानात बसल्यावर शंभर तासांनी त्याची झीज मोजून नोंद कुणी ठेवायची, हे ठरवणारे कुणीच नाही. फ्लाइंग क्लब म्हणतो, हे आमचे काम नव्हे. कारखानदार म्हणतो, मागणी कुठे आहे? महासंचालनालय म्हणते, अर्ज आलाच नाही.

अर्ज येईल कसा? एका क्लबला वर्षाला चार बुश लागतात. चार बुशसाठी कुणी आराखड्याला मान्यता मागत नाही. म्हणून पहिले पाऊल क्लबांनीच उचलायचे आहे. सेसना १५२ आणि १७२ वापरणाऱ्या देशातील सर्व संस्थांनी गेल्या पाच वर्षांत बदललेल्या लँडिंग गिअरच्या भागांची एकत्र यादी करावी: कोणता भाग, किती उतरणींनंतर, किती दिवस वाट पाहून. यात 'किती उतरणींनंतर' हा रकाना महत्त्वाचा, आणि आज अनेक ठिकाणी तो भरला जात नाही. तासांबरोबर उतरणींचीही नोंद सक्तीची करायला कोणताही नवा कायदा लागत नाही. ही यादी हाती आली, की वारंवार लागणारे दहा-पंधरा भाग आपोआप वर येतील. त्यांतील जे मुख्य सांगाड्यात मोडत नाहीत, त्यांच्यासाठी महासंचालनालयाने सीएआर-२१ मध्ये लहान उत्पादकाला पेलेल असा, पण धातूच्या परीक्षेत तसूभरही सवलत न देणारा उपमार्ग करून द्यावा. आराखड्याचे काम राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेकडे सोपवता येईल. हंसाच्या निमित्ताने लहान विमानाच्या प्रमाणीकरणाचा अनुभव तिच्याकडे आहे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर धुळे, जळगाव, बारामती, गोंदिया येथे रोज प्रशिक्षणाची विमाने उडतात. त्याच राज्यात ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे आणि तेथे ऑक्टोबर २०२५ मध्ये एचटीटी-४० या नव्या स्वदेशी प्रशिक्षण विमानाची दुसरी उत्पादनरांग सुरू झाली. धुळ्याच्या धावपट्टीपासून हा कारखाना दीडशे किलोमीटरच्या आत आहे. चारही ठिकाणच्या देखभाल अभियंत्यांनी आपापल्या लॉगबुकांतील नोंदी आणि झिजून काढलेले बुश पिशवीत घालून एकदा ओझरला एकत्र बसावे, आणि त्या बैठकीला महासंचालनालयाचा सही करण्याचा अधिकार असलेला माणूस हजर असावा.